पाच आपली, सात परकी

अशी कल्पना करून बघा. तुम्ही झोपेत असताना कोणीतरी तुमच्या दोन्ही हातांवर ओल्या मातीचा जाड थर लिंपला आहे आणि सकाळपर्यंत तो वाळून कडक झाला आहे. बोटं वाकवायची म्हटली तरी वाकत नाहीत. आता त्याच हातांनी दुधाच्या बाटलीचं झाकण उघडा.

आत्या तेच करत होती. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून तिने बाटली दोन्ही गुडघ्यांत धरली होती आणि तळहाताने झाकण दाबून फिरवायचा प्रयत्न चालला होता. झाकण हलायचं नाव घेत नव्हतं. दारात तिची भाची उभी होती. घरात तिला सगळे भिंगरी म्हणायचे, कारण ती एका जागी कधी टिकायचीच नाही. आज मात्र बराच वेळ ती एका जागी उभी राहून बघत होती.

"दे इकडे," ती म्हणाली आणि एका हिसक्यात तिने झाकण उघडलं. "ढिलंच तर होतं."

"मग? मीच ढिलं करून ठेवलं होतं," आत्या म्हणाली.

तसं नव्हतं, हे दोघींनाही ठाऊक होतं. भिंगरीने दूध पातेल्यात ओतलं आणि बाटलीवर झाकण ठेवलं, पण घट्ट लावलं नाही.

आत्या रोपवाटिकेत कामाला होती. तिच्या भावाची बायको मुलगी रांगत असतानाच गेली, भावाची नोकरी जहाजावर, म्हणून मुलगी हिच्याकडे आली. ती बोलायला लागली ती "आत्या, आत्या" करत रोपवाटिकेतल्या वाफ्यांमधून पळतच. ते ऐकून माळीही आत्या म्हणायला लागले, मग गाडीवाला म्हणायला लागला, आणि शेवटी वयाने मोठे असलेले मालकसुद्धा. आता तिचं खरं नाव फक्त पगाराच्या पाकिटावर उरलं होतं.

तिचं काम होतं गुलाबाचे डोळे भरणं. ते कसं करतात, सांगतो. चांगली फुलं देणाऱ्या गुलाबाची मुळं बहुतेक वेळा नाजूक असतात आणि रानगुलाबाची मुळं दणकट. म्हणून रानगुलाबाचा खुंट लावायचा. त्याच्या सालीला जमिनीलगत, नखाएवढी उभी-आडवी चीर द्यायची. चांगल्या गुलाबाच्या फांदीवरून, पानाच्या बेचक्यातला डोळा, म्हणजे कोंब फुटायची बारीक गाठ, सालीच्या कापेसकट अलगद उचलायचा, त्या चिरेत सरकवायचा आणि वरून पट्टी गुंडाळायची. पट्टी फार आवळली तर डोळा घुसमटतो, सैल राहिली तर वाळतो. हे सगळं डोळा सुकायच्या आत उरकायचं. आत्या ते अशा लयीत करायची की बघणाऱ्याला वाटावं, ही नुसती रोपांवरून हात फिरवत चालली आहे. डोळा धरला, फुटला, की रानगुलाबाचा वरचा शेंडा छाटून टाकायचा. पुढे जे वाढतं ते आपलं झाड.

पण रानगुलाब चिवट. तो खालून, मातीतून आपले फुटवे काढत राहतो. ते वेळेवर काढले नाहीत तर सगळा जोर तेच खाऊन टाकतात. म्हणून वाफ्यांमध्ये बसून ते फुटवे काढायचे, हे दुसरं काम. ते आत्याने भिंगरीला लहानपणीच शिकवलं होतं. डोळा भरलेला जोड मातीत झाकलेला असायचा, त्यामुळे कोणता फुटवा कुठून आला ते पटकन दिसायचं नाही. मग लहान मुलीला सोपं पडेल अशी खूण तिने सांगितली होती.

"देठावरची पानं मोजायची. पाच आली तर आपलं. सात आली तर परकं. परकं दिसलं की कापायचं नाही हं, कापलं की पुन्हा फुटतं. बुंध्याशी धरायचं आणि मुळापासून ओढून काढायचं."

"पाच आपली, सात परकी," भिंगरी गुणगुणायची आणि वाफ्यातून सरकत जायची. रोपवाटिकेतल्या सगळ्या गुलाबांना ही खूण लागू पडत होती, त्यामुळे कधी चूक झाली नव्हती.

आणि मग आत्याची बोटं सुजायला लागली. आधी दोन्ही हातांच्या मधल्या बोटांची पेरं, मग मनगटं. सकाळी तर हात लाकडाचे. ऊन वर चढेपर्यंत थोडे सुटायचे, पण पट्टीचं टोक चिमटीत धरायचं म्हटलं की डोळ्यांत पाणी यायचं. मालकांनी तिला बळेच दवाखान्यात धाडलं.

डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं, हातांचे फोटो काढले आणि समजावून सांगितलं, की हा संधिवाताचा एक प्रकार आहे. "आपल्या अंगात राखणदार असतात. जंतू आत शिरले की ते त्यांना मारतात. तुमचे राखणदार तुमच्याच सांध्यांच्या अस्तरावर उठलेत." पुढेही त्या बरंच बोलल्या. गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची, गुण यायला वेळ लागेल, मध्ये ताप आला तर लगेच या. पण आत्याच्या कानात एकच वाक्य अडकून बसलं. आपलेच राखणदार आपल्यावर उठले.

तिने थोडे दिवस गोळी घेतली. मग सर्दी झाली, छातीत कफ भरला, तापही आला. ती दवाखान्यात गेली नाही. ताप उतरल्यावर तिने गोळ्यांचं पाकीट बियांच्या डब्यात टाकलं आणि वर झाकण लावून टाकलं. भिंगरीने विचारलं की म्हणायची, "घेतली गं, घेतली."

तिला राग आला होता. तो डॉक्टरबाईंवर नव्हता, गोळीवरही नव्हता. एका संध्याकाळी भांडी घासताना हातातून कप निसटला आणि फुटला. आत्याने उजव्या हाताकडे बघितलं आणि तो ओट्याच्या कडेवर जोरात आपटला.

"फितूर मेले," ती दात आवळून म्हणाली. "इतकी वर्षं पोसलं, न्हाऊमाखू घातलं, आणि माझ्याच घरात बसून माझीच हाडं खातात."

मागे भिंगरी उभी होती. खाली बसून तिने कपाचे तुकडे गोळा केले.

त्याच हंगामात मालकांनी बाहेरून एका वेलगुलाबाच्या फांद्या मागवल्या. गावातल्या वाचनालयाच्या मागच्या भिंतीवर ते वेल चढवायचे होते. डोळे भरायला दुसऱ्या माळ्याला सांगतो, असं मालक म्हणाले.

"का? मला काय झालं?" आत्या म्हणाली.

"आत्या, तुम्ही नुसतं बसून सांगा. हात तो चालवेल."

"नुसतं बसायला मी काय दारावरची पाटी आहे?"

मालक हसले. आत्याने तो वाफा एकटीने केला. पूर्वी जे काम ती दुपारच्या जेवणाआधी हातावेगळं करायची, त्याला आता दिवसामागून दिवस लागले. पट्टीचं एक टोक दातांत धरायचं, दुसरं अंगठ्याने दाबायचं. मध्येच थांबून हात काखेत धरून बसायचं. शेवटच्या खुंटाला पट्टी बांधून झाली तेव्हा तिने चाकू पुसला, मिटला, आणि कितीतरी वेळ तो खिशात न टाकता मांडीवर धरून ठेवला. पुढच्या हंगामात हा आपल्या हातात नसेल, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

डोळे मात्र फुटले. जवळजवळ सगळे. वरचे शेंडे छाटल्यावर प्रत्येक खुंटाशी लालसर कोवळा कोंब उभा राहिला. आत्या कामावर आली की आधी त्या वाफ्याकडे जायची. कोणाला काही सांगायची नाही, नुसती बघून यायची.

शाळेला सुट्टी होती त्या दिवशी भिंगरी लवकर उठली. आत्याचे हात अजून लाकडाचेच होते, ती पलंगावर बसून ते गरम पाण्याच्या घमेल्यात बुडवत होती. भिंगरी हळूच बाहेर पडली आणि पळत रोपवाटिकेत गेली. तिच्या मनात एकच होतं. आत्याला आज वाफ्यात वाकायला लागू नये. फुटवे काढताना सगळा जोर बोटांवर येतो, आणि नव्या वाफ्यातले तर अजून कोणी काढलेच नव्हते.

ती पहिल्या रोपाशी बसली. मोजलं. सात. बुंध्याशी धरलं आणि मुळापासून ओढलं. दुसरं रोप. सात. तिसरं. सात. सगळा वाफा परक्यांनी भरला होता. बरं झालं आपण आलो, असं तिला वाटलं, आणि ती आणखी मन लावून ओढायला लागली. काट्यांनी बोटं ओरबाडली तरी थांबली नाही.

आत्या आली तेव्हा भिंगरी वाफ्याच्या शेवटाजवळ पोचली होती. झग्याचा ओचा कोवळ्या कोंबांनी गच्च भरलेला.

"बघ," ती धापा टाकत म्हणाली, "तू नुसती बस आज. एकही सोडला नाही. सगळे सात पानांचे होते. मी प्रत्येक मोजला."

आत्याने वाफ्याकडे बघितलं. मग ओच्याकडे. मग ती हळूहळू खाली बसली, जशी म्हातारी माणसं बसतात, आधी एक हात जमिनीला टेकून. तिने ओच्यातला एक कोंब उचलला आणि उलटा केला. बुडाशी सालीची छोटी काप होती, आणि त्या कापेवर आतल्या बाजूला तिच्या चाकूची सरळ रेघ. कोंब डोळ्यासकट निघाला होता. शिकवलं होतं तसाच, अगदी व्यवस्थित.

मालक पलीकडून लगबगीने आले. वाफा बघून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "हे काय केलंस गं पोरी…"

"मालक, थांबा जरा," आत्या म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण मालक होते तिथेच थांबले.

"भिंगरी. मी तुला काय शिकवलं होतं?"

"पाच आपली, सात परकी." मुलीचा आवाज आता बारीक झाला होता. ती एकदा आत्याकडे बघत होती, एकदा मालकांकडे.

"आणि याला किती आहेत?"

"सात."

"हो. ह्या वेलाला सातच येतात. आपल्याकडे असा गुलाब आधी कधी नव्हता. मला ते दिसलं होतं, पण तुला सांगायचं सुचलं नाही."

भिंगरी ओच्याकडे बघत राहिली. "मग हे आपले होते?"

आत्याने मान डोलावली.

"सगळे?"

आत्याने हातातला कोंब मांडीवर ठेवला. ओचा सुटला आणि सगळे कोंब भिंगरीच्या पायांवर पडले. ती रडली नाही. तिने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट अडकवून धरले, जणू ते सोडले तर आणखी काही करून बसतील.

त्या दिवसानंतर ती रोपवाटिकेत आली तरी कशाला हात लावेना. झारी उचल म्हटलं तर उचलायची, पण रोपाजवळ गेली की हात मागे. "अगं, ते गवत तरी उपट," माळी म्हणायचे. ती मान हलवायची. "ते गवत नसलं तर?" जिच्या पायाला कधी थारा नव्हता, ती पोर आता पायरीवर तासन्‌तास बसून राहायला लागली.

आत्या हे बघत होती. रात्री जेवणं झाल्यावर हात पुसत ती मुलीशेजारी जाऊन बसली.

"माझा राग आलाय का तुला?"

"मला माझ्या हातांचा राग आलाय," भिंगरी म्हणाली.

ओट्याच्या कडेवर आपटलेल्या हातावरचा वण अजून पुरता गेला नव्हता. आत्याने तो हात पदराखाली घेतला. मग थोड्या वेळाने बाहेर काढला आणि भिंगरीच्या हातांवर ठेवला.

"हातांनी काय केलं? त्यांना जे शिकवलं तेच केलं. वाईट व्हावं म्हणून तू गेली होतीस का तिथे?"

"नाही. तुझं काम वाचावं म्हणून."

"मग?"

आत्या आपल्या सुजलेल्या पेरांकडे बघत राहिली, जशी एखाद्या मुलाला उगाच मारल्यावर आई त्याच्याकडे बघते. मग ती उठली, कपाटातून बियांचा डबा काढला आणि त्यातलं गोळ्यांचं पाकीट बाहेर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ती भिंगरीला घेऊन दवाखान्यात गेली.

"मी गोळी बंद केली होती," तिने बसल्या बसल्या सांगून टाकलं. "ताप आला होता. आणि खरं सांगायचं, तर रागही होता."

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत, निदान तोंडावर तरी नाही. "ताप आला तेव्हाच यायला हवं होतं. त्या गोळीने राखणदारांचा हात जरा आखडता होतो. मग एखादा जंतू संधी साधतो. त्यासाठीच तर या म्हणाले होते."

"एक विचारू का?" आत्या म्हणाली. "त्यांना कोणी शिकवतं का? त्या राखणदारांना?"

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "शिकवतं तर. इथे," त्यांनी स्वतःच्या छातीच्या हाडावर बोट ठेवलं, "या हाडामागे एक छोटीशी ग्रंथी असते. लहानपणी ती चांगली मोठी असते. काही राखणदार तिथे तयार होतात. तिथे त्यांना आपल्याच अंगाचे नमुने दाखवतात, आणि जो आपल्यावरच धावून जातो त्याला बहुधा तिथेच बाद करतात. बाकीचे पास होऊन अंगभर फिरतात. पण शाळा कितीही चांगली असली तरी एखादा निसटतोच. बहुतेक वेळा तो गप्प पडून राहतो. आणखी पहारेकरी असतात, ते त्याला आवरून धरतात."

"मग माझे का उठले?"

"ते नक्की कोणालाच सांगता येत नाही. थोडं रक्तातून आलेलं असतं, थोडं बाहेरचं. काही आजारांत असंही दिसतं, की एखाद्या जंतूवर जी खूण असते तशीच खूण आपल्या अंगातल्या एखाद्या भागावर निघते. राखणदार ती खूण पाठ करतात, जंतूला मारतात, आणि मग तीच खूण शोधत पुढे जातात."

भिंगरी खुर्चीच्या कडेला बसली होती. हात मांड्यांखाली दाबलेले. तिने मान वर केली.

"सात पानांसारखी?"

डॉक्टरबाईंना काही कळलं नाही. आत्याला कळलं. "हो," ती म्हणाली, "सात पानांसारखी."

"मग ते वाईट नसतात?" भिंगरीने डॉक्टरबाईंना विचारलं.

"छे गं. तुझा गुडघा फुटला की तिथे कोण धावतं? तेच. फार मन लावून काम करतात. म्हणूनच चुकले की फार नुकसान होतं."

"मग त्यांना सांगायचं ना, की हे आपलं आहे म्हणून."

"ते अजून आम्हाला नीट सांगता येत नाही. शोधणारे शोधतायत. तोवर आम्ही एवढंच करतो, सगळ्यांनाच जरा हळू चालायला लावतो."

"आणि जे उपटून झालं ते?"

डॉक्टरबाईंनी आत्याचा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि एकेक पेर हलकेच दाबून बघितलं. "सूज उतरेल. दुखणं कमी होईल. पण ही दोन बोटं पूर्वीसारखी सरळ व्हायची नाहीत."

"माहीत आहे," आत्या म्हणाली.

गोळीला गुण यायला वेळ लागला. मध्ये एकदा खोकला झाला, तेव्हा ती त्याच दिवशी दवाखान्यात गेली. हळूहळू सकाळची माती पातळ होत गेली. दुधाच्या बाटलीचं झाकण ती पुन्हा उघडायला लागली, कधी पहिल्याच झटक्यात, कधी नाही. उघडलं नाही की हाताला म्हणायची, "असू दे बाबा, दमलास." दोन बोटं मात्र आत वळलेलीच राहिली. डोळे भरायचा चाकू तिने तेल लावून कोरड्या कापडात गुंडाळला आणि नव्या माळ्याला दिला. देताना एकच सांगितलं, "याला ओला ठेवू नकोस."

वाचनालयाच्या भिंतीसाठी मालकांनी वेल दुसरीकडून आणले. तो वाफा मोकळाच पडला होता. शेवटाची मोजकी रोपं, जिथे भिंगरी पोचली नव्हती, ती वाढत होती. उपटलेल्यांपैकी बहुतेकांच्या जागी आता नुसता रानगुलाब माजला होता, पण काहींचा डोळा पुरता निघाला नव्हता. सालीशी कणभर उरला होता, आणि तिथून पुन्हा काहीतरी लाल डोकावत होतं.

एका सकाळी आत्या त्या वाफ्याच्या कडेला पोतं अंथरून बसली आणि तिने हाक मारली. भिंगरी आली. हात मागे.

"ह्या रोपाला दोन फुटवे आहेत," आत्या म्हणाली. "एक आपला, एक रानटी. माझ्या बोटांना तो ओढता येत नाही. तुझ्या बोटांना येतो."

"दोन्हींना सातच पानं आहेत."

"हो."

"मग कसं कळणार?"

आत्याने आपल्या वाकड्या बोटाने बुंध्याजवळची माती थोडीशी बाजूला सारली आणि हात काढून घेतला.

भिंगरी उभीच राहिली. बराच वेळ. मग ती गुडघ्यांवर बसली आणि तिने एक हात पुढे केला. पानं मोजली नाहीत. पहिल्या फुटव्याच्या टोकाला बोट लावलं आणि ते बोट हळूहळू खाली नेत गेली, देठावरून खोडावर, खोडावरून मातीत, थेट जोडाच्या खाली. तो फुटवा तिने बुंध्याशी धरून ओढला. मग दुसऱ्याच्या टोकाला बोट लावलं. तसंच खाली आली. जुन्या पट्टीचा वळ जिथे सालीवर उमटला होता, तिथे बोट थांबलं. कोंब त्या वळाच्या आतूनच निघाला होता.

तिने त्यावर उडालेली माती फुंकरीने झटकली, हात काढून घेतला, आणि सरकून पुढच्या रोपाशी जाऊन बसली.